७/१२ टाकलं की ७ डिसेंबर का होतं, आणि ते आधीच कसं थांबवायचं

एक्सेलची कोरी शीट उघडा, कुठल्याही सेलमध्ये ७/१२ टाका आणि एंटर दाबा. (आकडे इथे मराठीत लिहितोय, टाइप करताना नेहमीसारखे इंग्रजी आकडेच टाका.) सातबारा दिसणार नाही, ७ डिसेंबर दिसेल. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर १२ जुलै. आता त्याच सेलवर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये बघा, तिथे चक्क वर्षसुद्धा लागलेलं असतं, जे तुम्ही टाकलंच नव्हतं. मग बहुतेक जण काय करतात, तर तो सेल सिलेक्ट करतात, फॉरमॅट टेक्स्ट करतात, आणि तिथे येतं ४५९९८. (हे २०२५ साली टाइप केलं असेल तर. दुसऱ्या वर्षी आकडा वेगळा.) इथे माणूस घाबरतो, फाइल बिघडली म्हणून कुणाला तरी फोन लावतो.

फाइल बिघडलेली नसते. पण तुम्ही टाकलेलं ७/१२ आता त्या फाइलमध्ये कुठेच नसतं, आणि सगळ्यात आधी हीच गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. लोकांना वाटतं की आत ७/१२ च आहे, फक्त दाखवताना तारीख दाखवतोय, फॉरमॅट बदलला की परत येईल. तसं नाही. एंटर दाबल्याच्या क्षणी एक्सेल ठरवतो की हे नेमकं काय आहे, आणि त्याचं ठरलं की मूळ अक्षरं टाकून देतो आणि त्याला समजलेली किंमत ठेवतो. फॉरमॅट ही त्यानंतरची गोष्ट. म्हणून या दुखण्यावरचे सगळे खरे उपाय एंटर दाबायच्या आधीचे आहेत, नंतर जे करतो ती फक्त डागडुजी.

आता ते ४५९९८ कुठून आलं. एक्सेलमध्ये तारीख नावाची वेगळी चीज नाहीच, तारीख म्हणजे एक साधा आकडा. १ जानेवारी १९०० हा दिवस क्रमांक १, दुसरा दिवस २, असं मोजत मोजत ७ डिसेंबर २०२५ हा ४५९९८ वा दिवस. सेलला 'हा आकडा तारखेसारखा दाखव' एवढीच सूचना असते. याचा फायदा मोठा आहे, कारण दोन तारखांची वजाबाकी केली की मधले दिवस मिळतात, व्याज काढता येतं, मुदत संपायला किती दिवस राहिले ते कळतं. (या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधी नसलेला दिवससुद्धा धरलेला आहे, कारण १९०० हे लीप वर्ष नव्हतं. ती चूक आधीच्या लोटस १-२-३ या प्रोग्रॅममधली, आणि त्याच्या फाइली जुळाव्यात म्हणून एक्सेलने ती मुद्दाम तशीच ठेवली.)

आणि वेळ म्हणजे दिवसाचा भाग, म्हणजे अपूर्णांक. दुपारचे बारा म्हणजे ०.५. त्यामुळे तारीख, वेळ आणि आकडा ही एक्सेलच्या लेखी एकाच जातीची मंडळी, आणि टेक्स्ट ही वेगळी जात. तुम्ही काहीही टाकलंत की तो आधी बघतो, हा आकडा दिसतो का, तारीख दिसते का, वेळ दिसते का. यातलं काहीच जमलं नाही तरच तो म्हणतो, बरं, टेक्स्ट असेल. म्हणजे टेक्स्टचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो.

असं का केलं असेल? कारण एक्सेल मुळात हिशोबाच्या माणसांसाठी बनलं, १९८५ ला मॅकवर आलं, १९८७ ला विंडोजवर, आणि दिवसभर व्हाउचर टाकणाऱ्या माणसाला ५/६ एवढं टाइप करून ५ जून मिळणं ही खरंच सोय होती, आजही आहे. त्यामुळे याला बग म्हणणं बरोबर नाही. अडचण अशी की आता एक्सेल फक्त हिशोबाला वापरत नाहीत, शाळा वापरते, ग्रामपंचायत वापरते, दवाखाना, साइटवरचा इंजिनिअर, संशोधक, सगळे वापरतात, आणि या प्रत्येकाकडे तारखेसारखं दिसणारं पण तारीख नसलेलं काहीतरी असतंच.

जमिनीचे नंबर घ्या. गावातल्या खातेदारांची यादी करायची आहे, एका कॉलममध्ये सर्व्हे नंबर आणि हिस्सा. पहिल्या ओळीत १२/३, दुसऱ्या ओळीत १२/३अ, तिसऱ्या ओळीत १४५/२, चौथ्या ओळीत ७/१. आता बघा काय होतं. १२/३ चा होतो १२ मार्च. १२/३अ तसाच राहतो, कारण त्यात 'अ' आहे. १४५/२ तसाच राहतो, कारण १४५ तारीख नसते. ७/१ चा होतो ७ जानेवारी. म्हणजे एकाच कॉलममध्ये काही ओळी शाबूत आणि काही बदललेल्या, आणि हेच सगळ्यात धोक्याचं, कारण सगळा कॉलम बिघडला असता तर लगेच लक्षात आलं असतं. आठशे-हजार ओळींच्या यादीत मधेच कुठेतरी चाळीस तारखा लपलेल्या असतील तर वरून स्क्रोल करणाऱ्याला त्या दिसत नाहीत. पुढे त्या यादीवरून नोटिसा निघाल्या, किंवा अनुदानाची यादी जुळवली, की नेमक्या त्याच शेतकऱ्यांचे नंबर जुळत नाहीत आणि त्या माणसाला हेलपाटे पडतात, ज्याचा एक्सेलशी काडीचा संबंध नाही. मला या विषयाचं एवढं वाटतं ते यामुळेच.

शाळेतही हेच. शिक्षकांनी मार्क ८/१० असे लिहिले की ८ ऑक्टोबर, ९/१० लिहिले की ९ ऑक्टोबर, पण १८/२० लिहिले की तसेच राहतात कारण अठरावा किंवा विसावा महिना नसतो. मग कुणीतरी सरासरी काढायला जातं आणि उत्तर येतं पंचेचाळीस-सेहेचाळीस हजारांच्या घरात, कारण आत दिवसांचे क्रमांक बसलेत. वयोगट ५-१० लिहिला की ५ ऑक्टोबर. आरोग्य शिबिराच्या नोंदीत औषधाचा डोस १-०-१ लिहिला तर तसाच राहतो, शून्यावा महिना नसल्यामुळे, पण दिवसातून तीनदा म्हणून १-१-१ लिहिलं की त्याचं होतं १ जानेवारी २००१. म्हणजे सकाळ-संध्याकाळ गोळी घेणारा पेशंट बरोबर आणि तीन वेळा घेणारा चूक.

साइटवर काँक्रीटचं प्रमाण लिहितात, म्हणजे सिमेंट, वाळू आणि खडी किती ते. एम १५ प्रतीच्या काँक्रीटसाठी १:२:४ टाका, सेलमध्ये वेळ येते, एक वाजून दोन मिनिटं चार सेकंद. एम २० चं १:१.५:३ मात्र तसंच राहतं कारण त्यात दीड आहे. प्लास्टरचं १:४ टाका, एक वाजून चार मिनिटं.

क्रिकेटचे आकडे गोळा करणाऱ्यांनी तर हे हमखास बघितलेलं असणार. कसोटीच्या एका डावात दहाच्या दहा विकेट घेणारे तिघंच. जिम लेकर, १९५६, १०/५३. अनिल कुंबळे, १९९९, दिल्लीला पाकिस्तानविरुद्ध, १०/७४. आणि मुंबईत जन्मलेला, न्यूझीलंडकडून खेळणारा एजाज पटेल, २०२१, वानखेडेवर, १०/११९. हे तीन आकडे एका खाली एक टाका. कुंबळेचे ७४ हे एक्सेलला वर्ष वाटतं, म्हणून तिथे येतं ऑक्टोबर १९७४, आत १ ऑक्टोबर १९७४ म्हणजे २७३०३. लेकरचं ऑक्टोबर १९५३. एजाज पटेलचे ११९ मात्र वर्षात बसत नाहीत म्हणून त्याचा आकडा एकटा शाबूत. दोन आकडी वर्षाचा एक्सेलचा नेहमीचा नियम असा, ०० ते २९ म्हणजे २००० च्या पुढचं, ३० ते ९९ म्हणजे १९०० च्या पुढचं. त्यामुळे सर्व्हे नंबर १२/४५ सुद्धा सुटत नाही, तो डिसेंबर १९४५ होतो.

आणि हा त्रास फक्त आपल्यासारख्यांना होतो असं नाही, जगभरच्या शास्त्रज्ञांना झालाय. माणसाच्या जीन्सना, म्हणजे जनुकांना, छोटी नावं असतात, त्यात सेप्ट२, मार्च१ अशी नावं होती. एक्सेलमध्ये सेप्ट२ टाकलं की २ सप्टेंबर, मार्च१ टाकलं की १ मार्च. २००४ साली यावर पहिल्यांदा पेपर लिहून संशोधकांनी धोका सांगितला होता. २०१६ ला जीनोम बायोलॉजी या जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात जीन्सच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेले ३५९७ शोधनिबंध तपासले, त्यातल्या ७०४ मध्ये ही चूक सापडली, म्हणजे जवळजवळ पाचातला एक. छापून आलेले, तज्ज्ञांनी तपासलेले निबंध बरं का. शेवटी २०२० मध्ये जीन्सना नावं देणाऱ्या समितीने नियमच बदलले आणि जीन्सची नावं बदलली, सेप्ट२ चं सेप्टिन२ झालं, मार्च१ चं मार्चएफ१. एका सॉफ्टवेअरच्या सवयीपायी माणसाच्या जीन्सची नावं बदलावी लागली, यावरून प्रश्न केवढा आहे ते कळावं. त्यात आणखी एक गुंता होता, मार्च१ आणि मार्क१ असे दोन वेगवेगळे जीन होते आणि एक्सेलमध्ये दोघांचंही १ मार्च व्हायचं. आता फाइलमध्ये १ मार्च दिसतंय, मूळ कोण होतं हे त्या सेलवरून सांगताच येत नाही.

तर आता उपाय. सगळ्यात साधा आणि सगळ्यात भरवशाचा म्हणजे टाइप करायच्या आधी कॉलम टेक्स्ट करून टाकणं. कॉलमच्या डोक्यावरच्या अक्षरावर क्लिक करा, अख्खा कॉलम सिलेक्ट होतो, मग होम टॅबवर मधोमध जिथे 'जनरल' लिहिलेलं असतं तो ड्रॉपडाउन उघडा आणि यादीत खालच्या बाजूला असलेला 'टेक्स्ट' निवडा. किंवा कंट्रोल आणि १ दाबून तीच गोष्ट. आता त्या कॉलममध्ये ७/१२ टाका, ७/१२ च राहील, डाव्या बाजूला चिकटून. नवीन शीट बनवतानाच, हेडिंगं लिहून झाली की लगेच, ज्या कॉलममध्ये गणित करायचं नाही ते सगळे टेक्स्ट करून टाकायचे, सर्व्हे नंबर, घर नंबर, फोन, खाते क्रमांक, पिनकोड, कोड, सगळं. जे बेरीज-वजाबाकीत जाणार नाही ते टेक्स्ट, एवढा साधा नियम ठेवला तरी पुष्कळ काम होतं.

एखाद-दुसऱ्या सेलपुरतंच हवं असेल तर आधी अपॉस्ट्रॉफी टाकायची, म्हणजे एंटरच्या डावीकडच्या बटणावरचं ते सिंगल कोटचं चिन्ह, आणि मग ७/१२. ते चिन्ह सेलमध्ये दिसत नाही, प्रिंटमध्ये येत नाही, अक्षरं मोजली तर मोजलं जात नाही, ते फक्त एक्सेलला सांगतं की पुढचं जसंच्या तसं ठेव. काही जण आधी स्पेस देतात, त्यानेही तारीख टळते, पण ती स्पेस खरोखर डेटामध्ये राहते आणि नंतर व्हीलुकअपने (दोन याद्या जुळवणारं फंक्शन) जुळवायला गेलात की जुळत नाही, म्हणून ते नको. आणि कुठे कुठे शून्य, स्पेस, मग ७/१२ असं टाकायचं सांगतात, त्याने ७/१२ दिसतं खरं पण आत सात भागिले बारा हा अपूर्णांक बसतो. ते प्रमाण वगैरे मोजायला ठीक, सातबाऱ्याला नाही.

कॉपी-पेस्ट करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. कॉलम आधी टेक्स्ट केलेला असला तरी वेबपेजवरून कॉपी करून सरळ पेस्ट केलं तर त्याबरोबर तिथला फॉरमॅटही येतो आणि तुमचा टेक्स्ट उडू शकतो. म्हणून राइट क्लिक करून पेस्टच्या पर्यायांतला 'मॅच डेस्टिनेशन फॉरमॅटिंग' घ्यायचा, किंवा पेस्ट स्पेशलमध्ये जाऊन टेक्स्ट. हे सगळं आठवत नसेल तर आधी नोटपॅडमध्ये पेस्ट करा, तिथून परत कॉपी करा, मग टेक्स्ट केलेल्या कॉलममध्ये पेस्ट करा. एक पायरी जास्त, पण चुकत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र टाइप करताना होतच नाही, ते होतं सीएसव्ही फाइलमुळे, आणि यावर जरा थांबून बोलायला हवं. कुठल्याही पोर्टलवरून, ॲपमधून डेटा डाउनलोड केला की बहुतेक वेळा तो सीएसव्ही मध्ये येतो. सीएसव्ही म्हणजे निव्वळ साधी अक्षरं आणि मधे स्वल्पविराम, बाकी काही नाही. कुठला कॉलम टेक्स्ट आहे, कुठला आकडा आहे हे लिहून ठेवायला त्यात जागाच नसते. पण कॉम्प्युटरवर त्या फाइलला चिन्ह एक्सेलचं असतं, म्हणून आपण डबल क्लिक करतो, आणि एक्सेल ती उघडता उघडता प्रत्येक सेल जणू तुम्ही आत्ताच टाइप केलाय असा समजून वर सांगितलेलं सगळं करून टाकतो. तुम्ही एक बटण न दाबता. मूळ फाइल अजून शाबूत असते, डिस्कवर काही बदललेलं नसतं. पण मग तुम्ही एखादं नाव दुरुस्त करता आणि कंट्रोल एस मारता, आणि तेव्हा त्या तारखा सीएसव्ही मध्ये कायमच्या लिहिल्या जातात. म्हणून सीएसव्ही वर डबल क्लिक करायचं नाही, आणि नुसती बघायची असेल तर नोटपॅडमध्ये बघायची.

बरोबर पद्धत अशी. आधी कोरं एक्सेल उघडा. डेटा टॅबवर जा, तिथे 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' आहे, त्यातून फाइल निवडा. एक खिडकी उघडते, डेटाचा नमुना दिसतो, आणि वर 'डेटा टाइप डिटेक्शन' म्हणून ड्रॉपडाउन असतो. त्यात 'डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स' निवडा आणि लोड करा. सगळे कॉलम टेक्स्ट म्हणून येतात, ज्याचे आकडे हवेत ते नंतर तुम्ही ठरवून करा. एक बारीक खाच आहे इथे. असं केलं की कधी कधी हेडिंगं पहिल्या ओळीत डेटासारखी येतात आणि वर कॉलम१, कॉलम२ अशी नावं दिसतात, म्हणून लोक 'ट्रान्सफॉर्म' मध्ये जाऊन 'यूज फर्स्ट रो ॲज हेडर्स' दाबतात. ते दाबल्यावर उजवीकडच्या पायऱ्यांच्या यादीत 'चेंज्ड टाइप' नावाची एक पायरी आपोआप चिकटते, आणि तीच तुमचे ७/१२ परत तारखा करून बसते. ती पायरी तिथल्या फुलीवर क्लिक करून काढून टाकायची. हे कुणी सांगत नाही आणि सगळं बरोबर करूनही माणूस इथे फसतो.

मग लोक विचारतात की हे कायमचं बंद करायचं बटण नाहीये का. बरीच वर्षं नव्हतंच. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने ते आणलं, मायक्रोसॉफ्ट ३६५ वाल्या एक्सेलमध्ये. विंडोजवर फाइल, ऑप्शन्स, डेटा, आणि तिथे 'ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन' असा भाग. चार गोष्टी बंद करता येतात, आकड्याच्या सुरुवातीची शून्यं काढून टाकणं, पंधराच्या पुढचे आकडे तोडणं, मधल्या ई अक्षरामुळे होणारं रूपांतर (१२ई३ टाकलं की १२००० समजणं), आणि अक्षर-आकडे सलग असतील तर तारीख करणं. शिवाय सीएसव्ही उघडताना असं काही होणार असेल तर आधी विचार, असाही पर्याय आहे, तो तर चालू ठेवाच.

पण नीट वाचा, तारखेबाबत तिथे 'सलग' असा शब्द आहे. म्हणजे जॅन१, सेप्ट२ अशा गोष्टी वाचतात. मधे स्पेस, डॅश किंवा स्लॅश असेल तर हे बटण बंद असूनही तारीख होऊ शकते. थोडक्यात शास्त्रज्ञांचे जीन वाचले, आपला सातबारा नाही वाचला. ५-१० नाही, ८/१० नाही. आणि मॅक्रो (एक्सेलमध्ये आपोआप काम करणारा छोटा प्रोग्रॅम) चालवताना ही सेटिंग लागू होत नाही. शिवाय ती तुमच्या कॉम्प्युटरपुरती, तुम्ही सीएसव्ही दुसऱ्याला पाठवलीत आणि त्याने डबल क्लिक केलं की त्याच्याकडे काय सेटिंग आहे तेच चालणार. त्यामुळे बटण जरूर बंद करा, पण त्याच्या भरवशावर राहू नका, कॉलम टेक्स्ट करायची सवय सोडू नका.

गूगल शीट्स वापरत असाल तर तिथेही तीच कथा. कॉलम सिलेक्ट करून फॉरमॅट, नंबर, 'प्लेन टेक्स्ट'. अपॉस्ट्रॉफी तिथेही चालते. पेस्ट करताना कंट्रोल शिफ्ट व्ही. सीएसव्ही आणताना फाइल, इम्पोर्ट मधून आणा, तिथे 'कन्व्हर्ट टेक्स्ट टू नंबर्स, डेट्स अँड फॉर्म्युलाज' असा चौकोन टिक केलेला असतो, ती टिक काढा. मला विचाराल तर हे एक्सेलपेक्षा सरळ आहे, एकच चौकोन आणि विषय संपला.

लिब्रेऑफिस कॅल्क त्याहून चांगलं वागतं. सीएसव्ही उघडली की ते आधी खिडकी दाखवतं, खाली कॉलमवर क्लिक करून प्रकार 'टेक्स्ट' करता येतो, आणि 'डिटेक्ट स्पेशल नंबर्स' ही टिक नसेल तर तारखा ओळखायच्या फंदात ते पडतच नाही. त्याच्या भाषेच्या सेटिंगमध्ये 'डेट ॲक्सेप्टन्स पॅटर्न्स' अशी एक ओळ आहे, म्हणजे कुठल्या नमुन्याला तारीख समजायचं ते तुम्हीच लिहून द्यायचं. त्यातला नुसता दिवस-महिन्याचा नमुना काढून टाकला की ७/१२ टाइप केलं तरी तारीख होत नाही, आणि पूर्ण तारीख टाकली की होते. एक्सेलमध्ये नेमकी हीच सोय हवी होती.

आता ज्यांची फाइल आधीच बिघडलीये त्यांच्यासाठी. मूळ सीएसव्ही किंवा मूळ कागद असेल तर सरळ तिथून परत आणा, दुरुस्तीच्या नादी लागू नका. मूळ नसेल तर शेजारी एक नवीन कॉलम घ्या आणि त्यात डे हे फंक्शन, मग ॲम्परसँड (म्हणजे & हे चिन्ह), मग डबल कोटात स्लॅश, परत ॲम्परसँड, मग मंथ हे फंक्शन, दोन्ही फंक्शनना त्याच सेलचा पत्ता. ७ डिसेंबरचं परत ७/१२ होतं. काही जण यासाठी टेक्स्ट नावाचं फंक्शन वापरून त्यात डी स्लॅश एम लिहितात, पण त्यातली स्लॅश ही तुमच्या विंडोजच्या तारखेच्या चिन्हाप्रमाणे बदलते आणि आपल्याकडे ते चिन्ह डॅश असतं, म्हणून ७-१२ येतं आणि परत जुळत नाही. डे आणि मंथ वालाच बरा. हे करताना एक माहिती असलीच पाहिजे, की रूपांतर झालं ते कॉम्प्युटर भारतीय सेटिंगचं होतं की अमेरिकन, कारण अमेरिकन असेल तर महिना आधी घ्यावा लागेल. आणि १०/७४ सारखे आकडे या फॉर्म्युल्याने परत येत नाहीत, तो १/१० दाखवेल. अशा ओळी वर्षावरून ओळखायच्या, वर्ष भलतंच दिसलं, १९४५, १९७४ वगैरे, की तिथे महिना आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे घ्यायचे. मुळात ०७/१२ होतं की ७/१२, स्लॅश होती की डॅश, हे मात्र परत मिळत नाही.

बिघडलंय का हे ओळखायला हजार ओळी डोळ्यांनी बघायची गरज नाही. जो कॉलम टेक्स्ट असायला हवा त्यावर काउंट फंक्शन लावा, काउंटए नाही, नुसतं काउंट. ते फक्त आकडे आणि तारखा मोजतं, त्यामुळे उत्तर शून्य यायला हवं. चाळीस आलं तर चाळीस सेल बदललेले आहेत, इतकं सरळ. दुसरं म्हणजे फिल्टर लावा आणि बाण उघडा, तारखा असतील तर त्या यादीत वर्ष आणि महिन्यांच्या घड्या दिसतात, प्लसच्या खुणेसह. सर्व्हे नंबरच्या कॉलममध्ये २०२५ आणि त्याखाली मार्च दिसलं की समजायचं. आणि साधी खूण, तुम्ही मुद्दाम काही केलेलं नसेल तर टेक्स्ट डावीकडे असतं, आकडे आणि तारखा उजवीकडे.

टेक्स्ट करण्याची किंमतही असते, ती माहीत असावी. टेक्स्ट केलेल्या आकड्यांची सम या फंक्शनने बेरीज होत नाही. एका शीटमध्ये कोड टेक्स्ट आणि दुसरीत आकडा असेल तर व्हीलुकअपला ते दोन वेगळे वाटतात, दिसायला सारखे असूनही, म्हणून दोन्हीकडे सारखंच ठेवा. टेक्स्ट केलेल्या सेलमध्ये फॉर्म्युला टाकलात तर तो चालत नाही, नुसता लिहिलेला दिसतो. आणि सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येतो, त्यावर क्लिक केलं की 'कन्व्हर्ट टू नंबर' सुचवतो. खाते क्रमांकाच्या कॉलमवर ते चुकूनही दाबू नका, कारण एक्सेल पंधराच आकडे नीट लक्षात ठेवतो, सोळावा आणि पुढचे सगळे शून्य करतो, आणि आपल्याकडे कित्येक खाते क्रमांक त्याहून लांब असतात. आधार नंबर बारा आकडी, त्यामुळे तो १.२३ई+११ असा विचित्र दिसला तरी आत शाबूत असतो, नंबर फॉरमॅट करून परत दिसतो. पण खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे गेले की गेले. पुण्याच्या लँडलाइनचा ०२० मधला सुरुवातीचा शून्य असाच गळतो.

खऱ्या तारखांचंही थोडं सांगायला हवं, कारण हाच प्रकार तिथे उलटा होतो. अमेरिकेतल्या ऑफिसकडून सीएसव्ही आली, त्यात महिना आधी, दिवस नंतर. आपल्या भारतीय सेटिंगवर उघडली की ०३/०४/२०२५ म्हणजे त्यांचं ४ मार्च, ते आपल्याकडे ३ एप्रिल होतं, गुपचूप. आणि ०३/२५/२०२५ ला पंचविसावा महिना नसल्याने ते टेक्स्ट राहतं, डावीकडे. म्हणजे अर्ध्या तारखा चुकीच्या आणि अर्ध्या टेक्स्ट, आणि दिसायला सगळं ठीकठाक. म्हणून फाइल दुसऱ्याला द्यायची असेल तर तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा, २०२५-०३-०४, ती कुठल्याच सेटिंगवर उलटी होत नाही. आणि शक्य असेल तर सीएसव्ही ऐवजी एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलची स्वतःची फाइलच पाठवा, कारण कुठला सेल टेक्स्ट आहे हे त्यात फाइलबरोबरच जातं, समोरच्याने डबल क्लिक केलं तरी त्याच्याकडे ७/१२ ७/१२ च उघडतं.